बिनखिळ्याचं कपाट

मित्रांनो, मी कपाट आहे. सागवानी, उंच, दोन दारांचं, आणि खरं सांगायचं तर आता पुरतं दमलेलं. तुम्ही म्हणाल, कपाटाला कसला आलाय थकवा? त्याला एका जागी उभं तर राहायचं असतं. पण डोक्यावर घरभराची अडगळ घेऊन आयुष्यभर एका जागी उभे राहून बघा, आणि वर येणाऱ्या-जाणाऱ्याकडून कौतुक ऐकत राहा. मग आपण बोलू.

माझ्या जातीतली बाकीची मंडळी उपेक्षेचं रडगाणं गातात. माझं तसं नाही. थोडी धूळ बसली, पॉलिश उडालं, एका दाराची कडी ढिली झाली, एवढंच. मला छळलं ते कौतुकाने. ते कसं, हे सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे. म्हणजे दार.

मला एका सुताराने बनवलं. तो गावभरच्या लोकांची दारं, टेबलं, पाळणे करून देई, आणि त्याच्या स्वतःच्या घरात कपडे दोरीवर लोंबकळत असत. बायको लवकर गेली होती. मागे एक मुलगी आणि तिच्यापेक्षा बराच लहान मुलगा. एकदा मुलीचा चांगला फ्रॉक उंदराने कुरतडला आणि ती रडून रडून आजारी पडली. तेव्हा कुठे सुताराने स्वतःच्या घरासाठी लाकूड बाजूला काढलं. दिवसभर लोकांची कामं करायची आणि उरलेल्या वेळात माझ्यावर रंधा मारायचा, असं करत करत मी उभा राहिलो.

त्याने मला एकही खिळा मारला नाही. एका फळीला खाच, दुसरीला त्या खाचेत नेमकी बसणारी जीभ, आणि वरून लाकडाचीच पाचर. बस्स. मी पुरा झालो तेव्हा त्याने दोन्ही पोरांना समोर उभं केलं आणि म्हणाला, "हलवा बघू." पोरांनी लोंबकळून, रेटून, धक्के मारून पाहिलं. माझी एक फळी कुरकुरली नाही. सुतार इतका खूश झाला की त्या दिवसापासून घरात येणाऱ्या प्रत्येकाला तो माझ्यासमोर आणून उभा करू लागला. "एक खिळा शोधून दाखव, आत्ता चहा पाजतो." लोक माझ्या कडांवरून बोटं फिरवत, आत डोकावत, आणि हार मानत. चहा त्यांना तसाही मिळेच.

माणसांच्या नावापुढे पदवी लावतात, तसा माझ्यापुढे 'बिनखिळ्याचं' हा शब्द लागला. सुतार गेला, तरी शब्द राहिला.

मुलगी मोठी झाली. तिला सगळे आक्का म्हणू लागले. टेलिफोनच्या ऑफिसात लोकांचे फोन जोडून देण्याचं काम तिने जन्मभर केलं आणि त्या पगारावर भावाला वाढवलं. स्वतःचं लग्न वगैरे राहूनच गेलं. भावाला ती धाकट्या म्हणायची, आणि त्याचे केस पिकले तरी तो धाकट्याच राहिला. बापाच्या बोटांतली कला त्याच्या बोटांत आली होती, पण लाकडापेक्षा बारीक वस्तूत रमणारी. तो घड्याळजी झाला. पुढच्या खोलीत खिडकीशी त्याचं जाडजूड टेबल. डोळ्याला भिंग लावून, हातात चिमटा धरून तो बसला की मुंगीच्या डोळ्याएवढा स्क्रू जागच्या जागी बसवायचा. त्याची बायको दवाखान्यात नर्स होती. आक्का तिला लाडाने आणि थोडं टोमण्यानेही 'नर्सबाई' म्हणायची. नर्सबाई दोन्ही ऐकून घ्यायची.

मी आतल्या खोलीत, आक्काच्या लोखंडी पलंगाला लागून. आक्काचे गुडघे गेले होते. तिला वाकवत नसे, म्हणून माझे खालचे कप्पे रिकामेच राहत. खाली जे ठेवता येत नाही ते वर, असा घराचा कारभार. माझ्या माथ्यावर काय नव्हतं ते विचारा. हिवाळी कपड्यांची पत्र्याची पेटी, लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या, बंद पडलेला मिक्सर, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे सुताराच्या हत्यारांची लोखंडी पेटी. पाय हलके आणि डोकं जड. अशा माणसाला तुम्ही रस्त्यात भेटलात तर बाजूने जाल. माझ्या मात्र अगदी पायाशी आक्का झोपायची.

भिंतीला मी टेकलेला होतो. टेकलेला, बांधलेला नव्हे. हा फरक घरात कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

मग एका सकाळी जमीन हलली.

तसा छोटाच धक्का होता. खिडक्यांची तावदानं खडखडली, कपातला चहा बशीत आला, पंखा बंद असून डोलू लागला. आणि मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझे मागचे पाय जमिनीवरून सुटले. केसभर सुटले आणि परत टेकले. तेवढ्यात धाकटा धावत आला, त्याने दोन्ही तळवे माझ्या दारांना लावले आणि ओरडला, "धरलंय! आक्का, घाबरू नको, धरलंय मी!" धक्का थांबला. सगळे हसू लागले.

"बघितलंस?" आक्का पलंगावरूनच म्हणाली. "अख्खं घर हललं, पण वडिलांचं कपाट कुरकुरलं तरी का? याला म्हणतात काम!"

"आणि मी धरलं ते?" धाकटा छाती फुगवून म्हणाला.

"तू धरलंस म्हणून नाही रे. खिळा नाही म्हणून."

मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. माझे सांधे पक्के होते, यात वादच नाही. पण सांधे पक्के असले की काय होतं, तर वस्तू पडते तेव्हा अख्खीच्या अख्खी पडते. सुताराने मला मोडू नये म्हणून बनवलं होतं. पडू नये म्हणून मला कुणीच काही केलं नव्हतं.

संध्याकाळी नर्सबाई कामावरून आली. चपला काढल्या, पाणीसुद्धा प्यायली नाही, सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने माझ्या खांद्याला हात लावून थोडं पुढे ओढलं. मी डोललो. तिचा चेहरा उतरला.

"आक्का, हे भिंतीला आवळून घ्यायला हवं."

"आवळायचं कशाला? पळून जाणार आहे का ते?"

"आज दिवसभर पट्ट्या बांधल्या मी लोकांना. भिंत कुणाची पडली नाही, छत कुणाचं आलं नाही खाली. कुणाच्या डोक्यात टीव्ही पडला, कुणावर बरण्या, कुणी काचेवर अनवाणी पळालं. एका म्हाताऱ्या बाईंच्या अंगावर कपाट आलं. आपल्याच घरातलं, रोजचं कपाट हो."

आक्का म्हणाली, "त्यांचं बाजारचं असेल."

"वजन बाजारचं आणि घरचं सारखंच लागतं, आक्का. दोन लोखंडी पट्ट्या, चार स्क्रू. तासाभराचं काम आहे."

"स्क्रू?" आक्काच्या कपाळावर आठ्या चढल्या. "म्हणजे खिळाच की!"

"खिळा वेगळा, स्क्रू वेगळा."

"काही वेगळा नाही. स्क्रू म्हणजे पीळ दिलेला खिळा. वडिलांच्या कपाटाला खिळा लागणार नाही. मी मेल्यावर काय ते करा."

"तुम्ही मरू नये म्हणूनच करायचंय ना!" नर्सबाई म्हणाली. पण आक्काने भिंतीकडे तोंड केलं होतं. टेलिफोन खात्यात असताना तिला न आवडणारं बोलणं आलं की ती लाइन कापायची म्हणे. तशी तिने कापली.

धाकटा मध्ये अडकला. एकीने वाढवलेलं, दुसरीशी संसार. तो दोघींना म्हणाला, "बघू, बघू." मित्रांनो, घरातल्या मोठ्या माणसांचा 'बघू' हा शब्द तुम्हाला माहीतच असेल. त्यानंतर कुणी काही बघत नाही.

नर्सबाईने मात्र हात टेकले नाहीत. खिळ्याशिवाय जे करता येत होतं ते सगळं तिने केलं. सुट्टीच्या दिवशी स्टुलावर चढून माझं डोकं रिकामं केलं. जड पेट्या तळाच्या कप्प्यात गेल्या, बरण्या भंगारात. किती हलकं वाटलं मला, काय सांगू! पलंगाच्या पायाला तिने एक पिशवी बांधली. पिशवीत आक्काच्या चपला आणि विजेरी. गॅस कुठून बंद करायचा ते धाकट्याकडून तिने दहादा करून घेतलं. आणि जेवायला बसलं की तिची शिकवणी सुरू व्हायची.

"धक्का बसला की पळायचं नाही. तुम्ही ते तुमचं जाड टेबल आहे ना, त्याच्या खाली शिरायचं, डोकं झाकायचं आणि टेबलाचा पाय घट्ट धरून ठेवायचा. थांबेपर्यंत बाहेर यायचं नाही. जे पडेल ते पडू द्यायचं."

"आणि मी?" आक्का विचारायची. "माझे गुडघे बघितलेस ना? मी काय टेबलाखाली रांगू?"

"तुम्ही पलंगावरच राहायचं. पालथं व्हायचं, उशी डोक्यावर आणि मानेवर धरायची. पण मग पलंगाशेजारी हे उभं नको ना."

पलंग हलवून झाला. खोली केवढीशी! एकीकडे दार, दुसरीकडे खिडकी. खिडकीखाली ठेवला तर काच अंगावर यायची भीती आणि आक्काला वारा बाधायचा. चार दिवसांत पलंग परत माझ्या पायाशी आला. मला पुढच्या खोलीत न्यावं, तर दारातून मी जात नव्हतो. हे घर बांधलं तेव्हा भिंती उभ्या राहण्याआधीच चार हमालांनी मला उचलून इथे आणलं होतं.

शेवटी धाकट्याने एक तोड काढली. नायलॉनची दोरी आणली, माझ्या पोटावरून घेतली आणि दोन्ही टोकं शेजारच्या खिडकीच्या गजाला बांधली. "खिळाही नाही आणि पडणारही नाही!" तो हात झटकत म्हणाला. आक्का खूश झाली. नर्सबाई दोरीकडे बघत राहिली, पण त्या दिवशी तिची दुहेरी पाळी झाली होती आणि तिच्यात भांडायचं त्राण नव्हतं.

आता तुम्हीच विचार करा. पोटावरून दोरी म्हणजे दारं उघडणार कशी? कपडे हवे असले की दोरी सोडायची, कपडे काढायचे, दोरी बांधायची. पहिल्यांदा रोज बांधली. मग बांधायची राहू लागली. मग ती खिडकीच्या गजालाच लोंबकळत राहिली. पावसाळ्यात कुणीतरी तिचं दुसरं टोक खोलीच्या दाराच्या कडीला बांधलं आणि त्यावर टॉवेल वाळू लागले. कुणी मुद्दाम नाही केलं. घरात असंच होतं.

मी उभा राहिलो. आक्का माझ्या पायाशी झोपत राहिली. मी रोज तिचा पांढरा अंबाडा वरून बघायचो आणि माझा जीव टांगणीला लागायचा. पाहुणे आले की आक्का अजूनही म्हणायची, "एक खिळा शोधून दाखवा." मला मनात वाटायचं, अहो, शोधू नका, कुणीतरी एखादा मारा.

दुसरा धक्का भर दुपारी आला. नर्सबाई दवाखान्यात होती. आक्का जेवून आडवी झाली होती. पुढच्या खोलीत धाकटा एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसला होता. आधी जमिनीखालून जड ट्रक गेल्यासारखा आवाज आला, मग सगळं घर एका बाजूला सरकलं आणि परत आलं. टॉवेल झोके घेऊ लागले.

आक्का खरंच शहाणी. ती पालथी झाली आणि तिने उशी डोक्यावर ओढली. उशीखालून ओरडली, "धाकट्या, टेबलाखाली शीर! इकडे येऊ नको!"

टेबल त्याच्या पुढ्यातच होतं. नुसतं खाली बसायचं होतं. पण मागच्या वेळी त्याने मला धरलं होतं आणि मी पडलो नव्हतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि माझ्याखाली त्याला वाढवणारी बहीण होती. तो आत धावत आला. त्याने दोन्ही तळवे माझ्या दारांना लावले.

"धरलंय, आक्का! धरलंय!"

मित्रांनो, मला उचलायला चार हमाल लागले होते. एकटा माणूस मला धरू शकत नाही, मग त्याचं बहिणीवर कितीही प्रेम असो. मागच्या वेळी धक्काच लहान होता, एवढंच. या वेळी माझे मागचे पाय सुटले ते टेकलेच नाहीत. मी पुढे आलो. पलंगाच्या उशाकडच्या लोखंडी दांड्याने मला अडवलं आणि मी तिरका अडकलो. आक्का त्या सांदीत सुखरूप राहिली. धाकट्याचा उजवा हात माझ्या आणि दांड्याच्या मध्ये सापडला.

शेजारी धावत आले. मला उचलताना एक जण म्हणाला, "काय काम केलंय! एवढं पडलं, पण एक सांधा निखळला नाही." आयुष्यभर मी कौतुक ऐकलं, पण त्या कौतुकाची मला किळस आली.

दवाखान्यात जखमींची रीघ लागली होती. नर्सबाई एकेकाला बघत पुढे येत होती आणि रांगेत तिला स्वतःचा नवरा दिसला. हे मी पाहिलं नाही, मागाहून ऐकलं.  तिने त्याच्या हाताखाली स्वतःचा हात धरून ठेवला म्हणे.

हात वाचला. पण तर्जनी आणि मधलं बोट वळेनात. चिमटा त्या दोन बोटांत धरायचा असतो. धाकटा घरी आला, टेबलाशी बसला, डाव्या हाताने ते उघडं घड्याळ एका डबीत ठेवलं आणि डबी बंद केली. "भिंतीवरची मोठी घड्याळं करीन आता," तो म्हणाला. "मोठ्या वस्तू तरी धरता येतात." 

मला परत त्याच जागी उभं केलं, कारण दुसरी जागा नव्हती. आक्काची झोप उडाली. दुपारी आडवी व्हायची, पण डोळे सताड उघडे, माझ्यावर रोखलेले. तिला भीती माझी वाटत नव्हती. तिला काय दिसत असेल ते मला कळत होतं. नर्सबाई एका शब्दाने तिला लागेल असं बोलली नाही, आणि तेच आक्काला जास्त लागत होतं.

एका सकाळी आक्काने फोन उचलला. लोकांचे फोन जोडण्यात जन्म गेलेली बाई, पण त्या दिवशी तिने तोच नंबर तीनदा चुकवला. दुपारी एक तरुण सुतार ड्रिल घेऊन आला. त्याने माझ्या कडांवरून बोट फिरवलं आणि तो थबकला.

"मावशी, याला खिळाच नाही कुठे!"

"नाही."

"भोक पाडायला हात धजत नाही हो. असं करतो, मागच्या फळीला मारतो. बाहेरून दिसायचं नाही."

"मागची फळी पातळ आहे, फाटेल," आक्का म्हणाली. ती सुताराची मुलगी होती, तिला ठाऊक होतं. "वरच्या चौकटीला मारा. दिसू दे."

धाकटा पट्टी बांधलेला हात छातीशी धरून दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "आक्का, राहू दे. वडील असते तर..."

"वडील असते तर त्यांनी आधी तुझा हात बघितला असता," आक्का म्हणाली. "मग कपाट." आणि ती त्या तरुण सुताराकडे वळली. "मारा हो तुम्ही. दोन नको, चार पट्ट्या लावा."

ड्रिल फिरलं. भिंतीतून आधी गिलाव्याची पांढरी धूळ पडली, मग विटेची लाल. लाल पडली तेव्हा सुतार म्हणाला, "हां, आता पक्कं बसेल." मग माझ्या चौकटीत भोकं पडली. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण स्क्रू आत गेले, पट्ट्या आवळल्या गेल्या, आणि मला समजलं की इतकी वर्षं मी उभा होतो तो एकट्याने. आता भिंत माझ्याबरोबर उभी होती. सुताराने मला जोरात ओढून पाहिलं. मी हललो नाही.

मित्रांनो, मी काही फार शिकलेला नाही, आणि आता बोलून बोलून थकलोही आहे. एकच मागणं आहे. आज घरी गेलात की जिथे झोपता तिथे आडवे व्हा आणि वर, बाजूला, उशाशी नजर फिरवा. काय उंच आहे? काय जड आहे? काय नुसतंच टेकवून ठेवलंय? जे दिसेल ते घरातल्या मोठ्यांना दाखवा. ते 'बघू' म्हणतील. तुम्ही त्यांना पुन्हा दाखवा. ते म्हणतील, आपल्या घरातली वस्तू भक्कम आहे. तुम्ही विचारा, भक्कम आहे, पण बांधलेली आहे का? आणि जमीन हललीच, तर कुठल्याही वस्तूला धरायला जाऊ नका. आम्हाला पडू द्या. आम्हाला पुन्हा उचलता येतं.

सुतार निघून गेला. नर्सबाईने जमिनीवरची लाल-पांढरी धूळ झाडून काढली. आक्का पलंगावर बसून माझ्या कपाळावरच्या त्या चकचकीत पट्ट्यांकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने चष्मा काढला, आडवी झाली आणि माझ्याकडे पाठ केली. थोड्याच वेळात ती घोरू लागली. धाकट्याने दाराशी येऊन पाहिलं, आणि डाव्या हाताने दार हलकेच लोटून घेतलं.